पुराणातील प्रतीके, आजचा पडदा आणि योगायोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये पुराणकथांविषयी बोलायला उभे राहिले की व्याख्यान संपल्यावर श्रोते जवळ येतात आणि प्रत्येक वेळी साधारण तेच प्रश्न विचारतात. अमुक चित्रपट म्हणजे महाभारतच आहे ना, तमुक कंपनीच्या चिन्हात देवी लपली आहे का, मी कर्णाविषयी वाचत होतो आणि त्याच दिवशी तीच गोष्ट समोर आली तर त्याचा अर्थ काय, असे ते प्रश्न असतात. हे प्रश्न मला मनापासून आवडतात. त्यांची उत्तरे घाईघाईत, चपला घालता घालता द्यावी लागतात याची मात्र नेहमी खंत वाटत आली आहे, म्हणून ती येथे सावकाश लिहून काढली आहेत.

आधुनिक लोकप्रिय संस्कृतीत पुराणातील प्रतीके शोधणे म्हणजे नेमके काय शोधणे?

याचे सर्वांत नेमके उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीतूनच वर आले आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक सत्ताधीशाची होती. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नहपानाचा पराभव केल्यावर त्याने ती नाणी वितळवली नाहीत, तर त्याच चांदीवर चैत्याचे आणि उज्जयिनीचे चिन्ह मारून ती पुन्हा व्यवहारात आणली. त्यामुळे अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा आणि जुनी अक्षरे अर्धवट डोकावताना दिसतात.

पुराणकथांचे आजच्या चित्रपटांत, मालिकांत, जाहिरातींत आणि खेळांत जे होते ते याहून वेगळे नाही. धातू जुना असतो आणि ठसा नवा असतो. नव्या ठशाखाली जुनी अक्षरे खरोखर दिसतात का, की नाणे फिरवता फिरवता आपल्यालाच तसा भास झाला, हे तपासणे म्हणजे हा अभ्यास. पुढची सारी उत्तरे या एका कसोटीवर उभी आहेत.

हे सगळे चित्रपट आल्यावर सुरू झाले का?

नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरला गेला. आपल्या दिवंगत पुत्राचे वर्णन करताना ती माता म्हणते की त्याचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा होता, आणि त्याचे तेज नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती, राम आणि अंबरीष यांच्यासारखे होते. हा लेख बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातही आपल्या काळच्या माणसाला महाकाव्यातील वीराच्या शेजारी उभे करणे ही सर्वांना समजणारी बोली होती, आणि ती धर्मपंथांच्या सीमा सहज ओलांडत होती.

येथेच एक सावधगिरीचा धडाही आहे. नाशिककराने हा लेख वाचला की पहिला 'राम' म्हणजे पंचवटीतला राम असे तो गृहीत धरतो. पण तेथे राम हे नाव केशवाच्या जोडीने आले आहे, त्यामुळे तो बलराम असण्याची शक्यता अधिक आहे. दशरथपुत्र राम बहुधा प्राचीन राजांच्या दुसऱ्या यादीत आहे. आपण ज्या गावात राहतो त्या गावाचा रंग आपल्या वाचनाला नकळत लागतो तो असा.

मग नाशिकचा आणि चित्रपटांतील पुराणकथांचा संबंध कोठून सुरू होतो?

त्र्यंबकेश्वरापासून. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, ३० एप्रिल १८७० रोजी तेथे जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. त्याआधी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना आपल्या मनश्चक्षूंसमोर मात्र श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग मला या साऱ्या विषयाचे बीज वाटतो. पडद्यावर एक कथा चालू आहे, प्रेक्षकाच्या मनात दुसरीच चालू आहे, आणि त्या दोहोंच्या घर्षणातून भारतीय कथापट जन्माला येतो. फाळक्यांना ख्रिस्त आणि कृष्ण एकच आहेत असे मुळीच वाटले नाही. एका परंपरेत जे करता येते ते आपल्या परंपरेतही करता यावे, एवढेच त्यांना दिसले. साम्य पाहणे आणि एकरूपता ठरवणे यांतला हा फरक नीट समजला तर या विषयातील अर्ध्याहून अधिक चुका टळतात. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्यातही कोणाला अर्धनारीनटेश्वराचे प्रतीक दिसू शकेल, परंतु त्याचे खरे कारण सरळ आहे: त्या काळी स्त्रिया चित्रपटात काम करायला सहसा तयार होत नसत.

एखादे साम्य जाणूनबुजून घेतले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे निर्मात्याने स्वतः तसे सांगितले आहे का, किंवा कलाकृतीतील नावे व प्रसंग तसे उघड सांगतात का. मणिरत्नम यांचा कर्णाच्या कथेवर उभा असलेला १९९१ चा तमिळ चित्रपट 'दलपती' हे याचे स्वच्छ उदाहरण आहे. त्यात अविवाहित माता नवजात बाळाला मालगाडीत सोडून देते, त्या मुलाचे नाव सूर्या असते, त्याचा जिवलग मित्र देवा कायद्याच्या विरुद्ध बाजूला उभा असतो आणि समोर जिल्हाधिकारी म्हणून आलेला सावत्र भाऊ अर्जुन असतो. नदीच्या जागी रेल्वे आली आहे, पेटीच्या जागी मालडबा आला आहे, पण नहपानाचा चेहरा स्पष्ट दिसतो. येथे शंकेला जागाच नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पुष्कळदा लेखकाने काहीही ठरवून घेतलेले नसते, तरी ती कथा त्याच्या भाषेतच मुरलेली असते. आपण मराठीत रामबाण उपाय सांगतो, घरच्या झोपाळू माणसाला कुंभकर्ण म्हणतो, चहाडखोराला नारद म्हणतो, फितुराला बिभीषण म्हणतो, परीक्षेतल्या अवघड टप्प्याला अग्निपरीक्षा म्हणतो, आणि न संपणाऱ्या जेवणाला द्रौपदीची थाळी म्हणतो. एवढे बोलताना आपण पुराण सांगत आहोत असे कोणाच्याही मनात येत नाही. अशा भाषेत वाढलेल्या पटकथाकाराच्या हातून मामा आला की तो शकुनीसारखा वागू लागतो. ही उसनवारी नसून वारसा आहे, आणि तिचा पुरावा एखाद्या मुलाखतीत मिळत नाही, तर बोलीत मिळतो.

तिसरी शक्यता अशी की दोन गोष्टी केवळ सारख्या दिसतात. ही शक्यता सर्वांत अधिक वेळा खरी ठरते आणि सर्वांत कमी वेळा मान्य केली जाते. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे साम्य काढून टाकले तर कथेतले काही अडते का? 'दलपती' मधून कर्ण काढला तर चित्रपट कोसळतो. एखाद्या नायकाने निळा सदरा घातला म्हणून तो कृष्ण मानला, आणि सदरा हिरवा केला तरी काहीच बदलत नसेल, तर तो कृष्ण तुम्ही आणलेला आहे.

पांडवलेणी पांडवांनी कोरली नाहीत, तर हे नाव आले कोठून?

ही लेणी सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातील बौद्ध लेणी आहेत. एकोणिसाव्या लेण्यातील लेख सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या काळी नाशिकच्या महामात्राने, म्हणजे उच्च अधिकाऱ्याने, लेणे करविल्याचे सांगतो. पुढे ब्राह्मी अक्षरे वाचणारे कोणी उरले नाही. डोंगरात एवढे थोर काम कोणी केले असेल, या प्रश्नाला लोकमनाने आपल्याजवळच्या सर्वांत मोठ्या नावांनी उत्तर दिले. महाराष्ट्रात इतरत्रही लेण्यांना पांडवांचे नाव चिकटलेले आढळते.

मी हे नाव चुकीचे म्हणून फेकून देणार नाही. वनवासातील पाच भाऊ जेथे रिकामी, भव्य आणि निनावी वास्तू दिसेल तेथे राहायला येतात, हेही लोककथेचे एक सत्य आहे. मात्र ते सत्य नाव देणाऱ्यांविषयीचे आहे, लेणी कोरणाऱ्यांविषयीचे नाही. आज परदेशी चित्रपटात एखादे चक्र दिसताच 'हे तर सुदर्शन' असे आपण म्हणतो तेव्हा आपणही लेण्याला पांडवांचे नाव देत असतो.

नाशिक हे नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडले, हे खरे का?

लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथे कापले म्हणून नासिक, ही कथा पंचवटीत प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते. नऊ शिखरांवरून नाव पडले अशीही एक उपपत्ती आहे. नाव प्राचीन आहे याबद्दल मात्र शंका नाही. वर उल्लेखिलेल्या लेण्यांतील लेखांत ते आहे आणि दुसऱ्या शतकातील ग्रीक विद्वान टॉलेमीच्या भूगोलातही ते येते. नाव जुने असणे आणि त्याची सांगितली जाणारी कथा तितकीच जुनी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिंक्रोनिसिटी म्हणजे काय?

स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी हा शब्द रूढ केला. ज्यांच्यात कार्यकारणाचा धागा दाखवता येत नाही, पण अनुभवणाऱ्याला ज्या अर्थाने जोडलेल्या वाटतात, अशा दोन घटनांचे एकाच वेळी घडणे म्हणजे सिंक्रोनिसिटी. १९५२ मध्ये त्यांनी यावरचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्याच ग्रंथात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांचाही लेख होता. युंग यांचा नेहमी सांगितला जाणारा प्रसंग असा आहे: एक रुग्ण स्त्री स्वप्नात मिळालेल्या सोनेरी भुंगेऱ्याच्या दागिन्याविषयी सांगत होती, तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली, आणि युंग यांनी खिडकी उघडून पकडलेला कीटक सोनेरी झाक असलेला भुंगेराच निघाला. प्राचीन इजिप्तमध्ये भुंगेरा पुनर्जन्माचे प्रतीक होता, आणि स्वतःच्या तर्ककठोर वृत्तीत अडकलेली ती स्त्री त्या क्षणी मोकळी झाली, असे युंग सांगतात.

मराठीत यासाठी 'अर्थपूर्ण योगायोग' असे म्हणता येईल. अनुभव तर आपल्याला परका नाहीच. एखाद्याचे नाव काढावे आणि तोच दारात उभा राहावा, की आपण लगेच म्हणतो, 'शंभर वर्षे आयुष्य आहे तुला.'

आपल्या परंपरेत यावर काही विचार झाला आहे का?

झाला आहे, आणि तो इतका नेटका आहे की मला प्रत्येक वेळी त्याचे नवल वाटते. संस्कृतातील लौकिक न्यायांमध्ये, म्हणजे दृष्टांतवजा म्हणींमध्ये, काकतालीय न्याय आहे: कावळा ताडावर बसतो आणि त्याच क्षणी फळ पडते. मराठीने त्याला घरगुती रूप दिले, 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.' फांदी कावळ्याच्या भाराने तुटली नाही, ती तुटायलाच आली होती, हे या म्हणीत पुरेपूर कळलेले आहे.

घुणाक्षर न्याय तर आपल्या विषयासाठीच घडवल्यासारखा आहे. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो लाकूड खात जातो आणि त्याच्या वाटेने कधी एखादे अक्षर उमटते. किड्याला लिपी येत नाही, लिहिण्याचा त्याचा हेतू नाही, तरी अक्षर मात्र खरोखर वाचता येते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराड यांनी १९५८ मध्ये असंबद्ध गोष्टींत संबंध दिसण्याच्या वृत्तीला अपोफेनिया हे नाव दिले. त्याच्या कितीतरी आधी आपल्या पंडितांनी त्या वृत्तीच्या मुळाशी असलेल्या घटनेला लाकडातल्या किड्याची उपमा दिली होती. मात्र या न्यायाचा उपयोग पूर्वजांना सारे ठाऊक होते अशी बढाई मारण्यासाठी करू नये. तो आपल्याच बढाईला आवर घालण्यासाठी आहे.

एखादे प्रतीक एकदा लक्षात आले की ते सगळीकडे दिसू लागते. असे का होते?

लक्ष तिकडे वळते म्हणून. ज्या दिवशी तुम्ही स्कूटर घ्यायचे ठरवता त्या दिवसापासून कॉलेज रोडवर त्याच रंगाच्या स्कूटर वाढल्यासारख्या वाटतात. भाषाशास्त्रज्ञ आर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये याला 'वारंवारतेचा भास' अशा अर्थाचे नाव दिले. आधी नवी गोष्ट डोळ्यांत भरते आणि मग तिची प्रत्येक भेट मन मोजून ठेवते. न झालेल्या भेटी कोणीच मोजत नाही.

यात गणिताचीही भर पडते. एका खोलीत अवघी तेवीस माणसे असली तरी त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते, कारण तेवीस माणसांच्या २५३ जोड्या होतात. पुराणांत हजारो नावे आहेत, चिन्हे आहेत, अस्त्रे आहेत. दुसऱ्या बाजूला चित्रपट, मालिका आणि चित्रकथा यांचा पूर आहे. एवढ्या जोड्यांत साम्य सापडले नसते तर तेच आश्चर्य ठरले असते.

विदेशी कलाकृतींमधील भारतीय प्रतीके खरी असतात का?

काही अगदी खरी असतात. 'मेट्रिक्स' मालिकेतील २००३ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस बृहदारण्यक उपनिषदातील 'असतो मा सद्गमय' हा मंत्र गायला गेला आहे. तो संगीतकाराने निवडलेला आहे आणि कानांनी ऐकू येतो, त्यामुळे त्यासाठी तर्क लढवावा लागत नाही. संगणकीय खेळांत १९८० च्या दशकापासून खेळाडूच्या पडद्यावरील रूपाला 'अवतार' म्हणू लागले, तेही जाणीवपूर्वक. अवतार म्हणजे खाली उतरणे हा मूळ अर्थ तेथे कसा टिकला आहे पाहा: खेळाडू बाहेरच्या जगातून आतल्या जगात उतरतो, तेथील नियम पाळतो आणि कार्य संपल्यावर परततो.

दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या निर्मितीचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर बर्कली येथे प्राध्यापक आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले होते. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीची आठवण सांगताना त्यांनी १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर गीतेच्या अकराव्या अध्यायातील ओळ सांगितली. तेव्हापासून ती ओळ सदऱ्यांवर, गाण्यांत, खेळांत सर्वत्र फिरते आहे, आणि सर्वत्र ती 'मी मृत्यू झालो आहे' अशा रूपात फिरते. मूळ श्लोक 'कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो' असा आहे. तेथे 'काल' आहे. कालाला मृत्यू म्हणता येते, अनुवादकांनी तसे म्हटलेही आहे, परंतु जो सर्वांना पिकवतो आणि पाडतो त्या कालाचा अर्थ मृत्यूपेक्षा पुष्कळ विस्तृत आहे. शिवाय ते शब्द अर्जुनाचे नाहीत, श्रीकृष्णाचे आहेत. अर्जुन ते ऐकून थरथरतो. लोकप्रिय संस्कृतीने ते वाक्य उचलले आणि बोलणाऱ्याच्या जागी शस्त्र तयार करणारा माणूस बसला. ठसा बदलला की नाण्याची किंमतही बदलते.

कंपन्यांची चिन्हे आणि क्षेपणास्त्रांची नावे यांत पुराण लपलेले असते का?

पुष्कळदा ते लपलेले नसते, उघडच असते. अग्नी हे क्षेपणास्त्र, मारुती ही मोटार आणि गोदाकाठच्या स्मृती घेऊन धावणाऱ्या पंचवटी व तपोवन या एक्स्प्रेस गाड्या यांची नावे स्वतःच सर्व काही सांगतात. नायके ही कंपनी ग्रीकांच्या विजयदेवतेचे नाव धारण करते.

उलट ब्रह्मोस हे नाव ब्रह्मास्त्रावरून आले असे अनेकजण खात्रीने सांगतात, आणि ते चूक आहे. ब्रह्मपुत्रा आणि रशियातील मॉस्क्वा या दोन नद्यांच्या नावांचा तो संयोग आहे. ॲपलच्या चावलेल्या सफरचंदात बायबलमधील एदेन उद्यानातील निषिद्ध फळ पाहणारे तर जगभर आहेत; १९७७ मध्ये ते चिन्ह काढणारे रॉब जॅनॉफ यांनी मात्र सांगितले आहे की फळ लहान आकारात चेरीसारखे दिसू नये म्हणून चावा दाखवला. या दोन्ही उदाहरणांत चुकीचे वाचन खऱ्या माहितीपेक्षा अधिक देखणे आहे. म्हणूनच ते पसरते.

१०८ या संख्येचे काय?

सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण म्हणजे १०८, हा हिशेब परंपरेतलाच आहे. पृथ्वीपासून सूर्याचे अंतर सूर्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आणि चंद्राचे अंतर चंद्राच्या व्यासाच्या सुमारे ११० पट आहे, हेही खरे आहे; पण जपमाळेतील मणी त्यावरून ठरले असा पुरावा नाही. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे यात गूढ शोधू नये, गरज पडली तर तो फिरवावा.

जगभरच्या कथा सारख्याच असतात. म्हणजे त्या एकाच मुळातून आल्या का?

कधी होय, कधी नाही, आणि कोठे होय म्हणायचे हे ठरवायला शिस्त लागते. वेदांतील द्यौष्पितर, ग्रीकांचा झ्यूस पातेर आणि रोमनांचा ज्युपिटर ही नावे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी एकाच मुळाशी पोहोचतात. ते केवळ कानाला वाटणारे साम्य नव्हे. त्याच धर्तीवर वरुण आणि ग्रीकांचा युरॅनस एकच मानले गेले होते, परंतु ध्वनिनियमांत ते बसत नाही म्हणून अभ्यासकांनी ती जोडणी सोडून दिली. ऋग्वेदाचे संपादन करणाऱ्या मॅक्स म्यूलर यांना जवळजवळ प्रत्येक कथेत सूर्य दिसू लागला, तेव्हा १८७० मध्ये एका टीकाकाराने त्यांचीच पद्धत वापरून खुद्द मॅक्स म्यूलर हेच एक सूर्यकथा आहेत असे सिद्ध करून दाखवले होते. पद्धत इतकी सैल असेल की तिने काहीही सिद्ध होते, तर तिने काहीच सिद्ध होत नाही.

नदीत सोडलेल्या बाळाची कथा पाहा. महाभारताच्या वनपर्वात कुंतीने सोडलेली पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तेथून यमुनेत आणि मग गंगेतून चंपानगरीपर्यंत जाते. प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कडचा राजा सारगॉन याची माता त्याला डांबर लावलेल्या वेताच्या टोपलीत सोडते, मोशेची कथा तर सर्वज्ञात आहे. मनोविश्लेषक ऑटो रँक यांनी १९०९ मध्ये अशा कथा एकत्र मांडल्या, त्यांत कर्णही होता. आता या कथा एकमेकींपासून उचलल्या गेल्या का? तसे म्हणण्याइतका पुरावा मला दिसत नाही. जेथे जेथे मोठी नदी आहे आणि जेथे जेथे आईवर लोकलज्जेचे किंवा राजाज्ञेचे दडपण आहे, तेथे तेथे ही कथा जन्म घेऊ शकते. नदी सगळीकडे खालीच वाहते.

मूळ कथा नेमकी कोणती मानायची?

हा प्रश्न साम्य शोधण्याच्या आधी विचारायला हवा. लक्ष्मणरेषा आज न्यायालयांपासून क्रिकेटच्या समालोचनापर्यंत वापरली जाते, आणि पंचवटीत सीतागुंफा पाहताना ती प्रत्येकाला आठवते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसात तिचा उल्लेख येतो, तोही सीताहरणाच्या प्रसंगी येत नाही, तर लंकाकांडात मंदोदरीच्या तोंडी येतो. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेनंतर तर घरोघरी एकच रामायण पाहिले गेले, आणि पाहिलेले दृश्य वाचलेल्या ओवीपेक्षा खोल रुजते. म्हणून आजच्या चित्रपटात एखादी ओलांडू नये अशी रेघ दिसली, तर तिचे मूळ वाल्मीकींमध्ये शोधू नये. दिग्दर्शकाने लहानपणी दूरदर्शनवर काय पाहिले ते शोधावे.

प्राचीन विमाने, अस्त्रे आणि आजचे तंत्रज्ञान यांतील साम्य हा पुरावा मानावा का?

मानू नये. ज्या वैमानिकशास्त्राचा नेहमी दाखला दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाला, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून त्यातील विमाने उडू शकत नाहीत असे दाखवून दिले. पुष्पक विमान हे कल्पनेचे वैभव आहे, आणि कल्पनेला यंत्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

अशी चिकित्सा केल्याने श्रद्धेचा अवमान होतो का?

माझ्या मते निष्काळजीपणानेच अवमान होतो. रामकुंडावर पहाटे स्नान करणारा माणूस काही सिद्ध करायला तेथे येत नाही, त्याची श्रद्धा कोणत्या चित्रपटातील कोणत्या चिन्हावर टेकलेली नसते. उलट, ज्याला त्या कथा प्रिय आहेत त्यानेच त्यांच्या नावावर खपणाऱ्या बनावट गोष्टी सर्वांत आधी बाजूला काढायला हव्यात. कथेचा अभिमान वाटत असेल तर तिचा पर्व, अध्याय आणि श्लोक सांगता यायला हवा.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. कोणाला दूरचित्रवाणी, फलक, गाड्यांचे क्रमांक या साऱ्यांतून केवळ आपल्यालाच उद्देशून संदेश येत आहेत असे वाटू लागले, झोप उडाली, भीती वाटू लागली, तर ती प्रतीकांची चर्चा उरत नाही. अशा वेळी घरच्यांनी वाद घालू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी.

नाशिकमध्ये राहून हा अभ्यास कसा सुरू करावा?

पांडवलेण्यांपासून सुरुवात करावी. पायथ्याशी फाळके स्मारक आहे आणि वर दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे आहेत. एका सकाळी दोन्ही पाहावीत, आणि तिसऱ्या लेण्यात जाताना बलश्रीच्या लेखाचा मराठी किंवा इंग्रजी अनुवाद हाती ठेवावा. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. जुन्या ठशावर नवा ठसा ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा नाण्यावर पाहावी. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था शहरात असताना इंटरनेटवरच्या अर्धवट उताऱ्यांवर विसंबण्याचे काही कारण नाही.

एक वही मात्र ठेवावी. साम्य दिसले की त्याच दिवशी तारीख घालून ते लिहावे, कारण आठवण नंतर योगायोगाला घासूनपुसून अधिक सुबक करते. पुढे 'पुरावा' असा एक रकाना आखावा आणि 'पुन्हा वाचणे' असा दुसरा.

तुम्हाला स्वतःला असा अर्थपूर्ण योगायोग कधी अनुभवास आला आहे का?

आला आहे. एका कार्तिकातल्या दुपारी मी वनपर्वातील कर्णजन्माचा भाग वाचत होतो. संध्याकाळी गोदाकाठी गेलो, तेव्हा एका तरुण स्त्रीने पानांच्या द्रोणात दिवा लावून तो पाण्यात सोडला, आणि मागच्या चहाच्या टपरीवर कोणाच्या तरी मोबाइलवर नेमका मालगाडीत बाळ सोडण्याचा प्रसंग चालू होता. मी जागच्या जागी थबकलो. घरी येऊन वहीत लिहिले आणि तपासले. रामकुंडावर रोज संध्याकाळी दिवे सोडले जातात, तो चित्रपटही कोणी ना कोणी पाहतच असतो, आणि त्या दुपारी मी दुसरे काही वाचत असतो तर मला दिवा हा नुसता दिवाच दिसला असता. पुराव्याच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते.

परंतु ती स्त्री दिवा सोडून लगेच वळली नाही. तो पुलाखालून दिसेनासा होईपर्यंत ती पायरीवर उभी राहिली. तोवर मी ती कथा नेहमी पेटीच्या बाजूने वाचली होती. मी वनपर्व पुन्हा उघडले. पेटी सोडताना कुंती बोलते, हे माझ्या लक्षातून पार निसटले होते. जल, स्थल आणि आकाश यांतील भूतांनी बाळाला सांभाळावे अशी प्रार्थना करून ती म्हणते, जी स्त्री तुला पुत्र मानील आणि तहानलेल्या तुला दूध पाजील ती धन्य होय. त्या दिवसाच्या नोंदीत दुसऱ्या रकान्यात एवढेच लिहिलेले आहे: वनपर्व, कुंतीचे बोलणे, सावकाश.